दरवेळी त्याच चढावर छाती भरून येते? मग तो ग्यास नसू शकतो

गेल्या काही दिवसांत आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हार्ट अटॅकचे म्हणून तीन-चार व्हिडिओ फिरले. कोणी वरातीत नाचता नाचता खाली पडला, कोणी क्रिकेट खेळताना, कोणी खुर्चीवर बसल्या बसल्या. बाजाराच्या दिवशी माझ्या मेडिकलमध्ये येणारे लोक तेच विचारतात, "असं अचानक कसं होते जी? आधी काहीच समजत नाही का?" काही जणांच्या बाबतीत खरंच आधी काहीच समजत नाही. पण बऱ्याच जणांना महिना-महिना, कधी वर्षभर आधीपासून छातीत काहीतरी होत असतं, रोज होत असतं, अन् त्याला आपण एकच नाव देऊन मोकळे होतो, ग्यास.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी १८ वर्षांपासून मेडिकल चालवतो, म्हणजे माणूस दवाखान्यात जायच्या आधी माझ्या काउंटरवर येतो अन् "छातीत जळजळ होते, एखादी गोळी द्या" म्हणतो. त्या वेळी मी काय विचारायला पाहिजे होतं हे मला घरातल्याच माणसामुळे शिकावं लागलं, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

मोठेबाबा अन् रपट्यानंतरचा चढ

माझे मोठेबाबा, म्हणजे मोठे काका, वय ६१, अंगानं सडपातळ, आयुष्यभर शेती. घरून शेतात जायला पांदण रस्ता आहे, मधात नाल्यावर रपटा लागतो अन् रपटा ओलांडला की थोडासा चढ. एका दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसात मी दोन-तीनदा त्यांच्यासोबत गेलो, तर प्रत्येक वेळी चढ अर्धा झाला की ते थांबायचे. बाजूच्या वावरातली कपाशी बघायचे, बोंड हातात घेऊन बोंडअळी आहे का पाहायचे, डाव्या हातानं छातीवरून हळूहळू हात फिरवायचे, अन् दोन-तीन मिनिटांनी म्हणायचे, "चाल रे बापू." मला वाटायचं हे पीक बघतात. ते पीक बघतच नव्हते, त्यांना पुढे पाऊल टाकता येत नव्हतं, अन् हे कोणाला सांगायचं नव्हतं.

मी विचारलं तेव्हा म्हणाले, "काही नाही, ग्यास आहे, वर सरकते." अन् मी, मेडिकलवाला माणूस, त्यांना दोन महिने ग्यासच्या गोळ्या देत राहिलो. ते आठवलं की अजूनही मला झोप येत नाही.

या दुखण्याला डॉक्टर लोक अंजायना म्हणतात. एवढा एकच अवघड शब्द लक्षात ठेवा. अंजायना म्हणजे हार्ट अटॅक नाही, हृदयाच्या स्नायूला लागतं तेवढं रक्त त्या घडीला मिळत नाही म्हणून तो करत असलेली तक्रार. अटॅकमध्ये रक्त बंद पडून स्नायू मरायला लागतो, अंजायनात तो उपाशी राहतो पण मरत नाही, काम थांबवलं की पुन्हा ठीक होतो.

रक्त पंप करणाऱ्यालाच रक्त कमी कसं पडतं?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो, बरोबर आहे. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा ठोके देतं, त्याच्या आतून सगळ्या शरीराचं रक्त जातं, मग त्याला काय कमी? पण हृदयाचा जाड स्नायू आतल्या त्या रक्तातून आपलं पोट भरू शकत नाही. त्याच्यासाठी वेगळ्या नळ्या आहेत, हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या अगदी सुरुवातीलाच दोन फुटतात, एक डावी अन् एक उजवी, डावीच्या पुढे दोन मोठ्या फांद्या होतात, अन् त्या हृदयाच्या बाहेरच्या अंगावरून पसरत जातात. जाडी म्हणाल तर तीन-चार मिलिमीटर, आपल्या ड्रिपच्या नळीपेक्षाही बारीक.

ड्रिपचंच उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे ज्याच्या वावरात ड्रिप आहे त्याला हे पाठ आहे. पाण्यात क्षार असले की नळीत आतून थर बसतो. थंडीच्या दिवसात नळी अर्धी चोंदली तरी झाड हिरवंगार दिसतं, कारण त्याला पाणीच कमी लागतं. तीच नळी, तेच झाड, पण एप्रिल-मे मधलं ऊन पडलं की दुपारी पानं माना टाकतात, अन् संध्याकाळी पुन्हा उभी होतात. झाड मेलं नाही, पण दुपारी त्याला जेवढं पाहिजे तेवढं मिळत नाही. अंजायना अगदी असाच. हृदयाच्या नळीत आतून चरबी अन् चुना यांचा थर बसत जातो, वर्षानुवर्षं, नळीची आतली जागा साधारण ७० टक्के बुजेपर्यंत माणसाला बहुतेक वेळा काही कळत नाही, अन् मग एक दिवस चढावर कळायला लागतं.

आता यात हृदयाची एक वेगळी अडचण आहे. शरीराचे बाकी स्नायू काम वाढलं की रक्तातून जास्तीचा ऑक्सिजन ओढून घेतात. हृदय शांत बसल्यावरसुद्धा आपल्या वाट्याच्या रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन आधीच काढून घेत असतं, शिल्लक फार ठेवतच नाही. म्हणून काम वाढलं तर त्याला जास्त रक्तच पाहिजे, दुसरा मार्ग नाही. निरोगी नळ्या रुंद होऊन चार-पाच पट रक्त सोडू शकतात, थर बसलेल्या नळीला ते जमत नाही.

अन् दुसरी गोष्ट, हृदय आवळलं जातं तेव्हा त्याच्या स्नायूत शिरलेल्या बारीक नळ्याही दाबल्या जातात. पाइपावर पाय पडला की पाणी थांबतं अन् पाय उचलला की वाहतं, तसं हृदयाला आपलं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतं. ठोके वाढले की ती मधली विश्रांतीच कमी होते, म्हणजे गरज वाढली त्याच वेळी जेवायला वेळ कमी. पुढे जे काही सांगतो ते सगळं याच हिशोबावर चालतं.

मग दुखणं सुरू कशानं होतं?

पहिलं म्हणजे मेहनत, पण सगळी मेहनत सारखी नाही. सपाट रस्त्यावर चालताना काही होत नाही अन् चढावर होतं. हात वर करून केलेलं काम, वजन उचलून धरलेलं काम, श्वास रोखून जोर लावलेलं काम हे हृदयाला जास्त जड जातं कारण बीपी एकदम वाढतं. म्हणजे हापशी मारणं, विहिरीतून पाणी ओढणं, कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन गाडीत टाकणं, फसलेल्या बैलबंडीला खांदा लावणं, अन् पाठीवर १६ लिटरचा पंप घेऊन भिजलेल्या काळ्या मातीत फवारणी करणं, जिथे प्रत्येक पावलाला दोन-दोन किलो माती पायाला चिकटते.

एक गंमत अशी की काही जणांना सकाळच्या पहिल्या कामात दुखतं, थांबतात, अन् नंतर तेच काम दिवसभर करतात तरी होत नाही. लोक म्हणतात अंग मोकळं झालं. हे खरंच होतं, डॉक्टरांना माहीत असलेली गोष्ट आहे, पण त्यावरून हृदय चांगलं आहे असं समजू नका, उलट पहिल्या फेरीला दुखणं हीच खूण आहे.

दुसरं, पोटभर जेवण अन् लगेच चालणं. जेवल्यावर पचनाला रक्त जास्त लागतं, हृदयाचं काम वाढतं, त्यावर चालण्याचं ओझं पडलं की हिशोब बिघडतो. लंडनच्या विल्यम हेबर्डन नावाच्या डॉक्टरनं १७६८ साली या दुखण्याचं पहिलं नीट वर्णन केलं त्यात हेच होतं, की माणूस चालत असताना, विशेष करून चढ चढताना अन् जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखं होतं अन् उभं राहिलं की जातं. अडीचशे वर्षं झाली, आपल्या पांदण रस्त्यावर आजही तसंच होतं. मोठेबाबांचंही शेवटी रोडग्याच्या जेवणानंतरच उघडं पडलं, ते पुढे सांगतो.

तिसरं, थंडी. कातडीला गार हवा लागली की अंगातल्या रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, हृदयाच्या नळ्याही आकसू शकतात. आता आपल्याकडे बघा, पंपाची लाइन कित्येक ठिकाणी रात्रीच येते, म्हणून गव्हा-हरभऱ्याला ओलित करायला माणूस डिसेंबर-जानेवारीत रात्री दोन वाजता उठतो, बिछान्यातल्या गरमीतून थेट गार वाऱ्यात, अनवाणी गार पाण्यात उभा राहतो, पाइप ओढतो, वर रानडुकराची अन् सापाची धाकधूक. थंडी, मेहनत अन् भीती, तिन्ही एकाच वेळी. रात्रीच्या ओलिताला ज्याची छाती भरून येते त्यानं तरी हे हसण्यावारी नेऊ नये.

उन्हाळाही सोपा नाही. ४५ डिग्रीच्या उन्हात शरीर थंड ठेवायला हृदय कातडीकडे रक्त ढकलत राहतं, घामानं पाणी कमी होतं, ठोके वाढतात.

चौथं, राग अन् टेन्शन. जॉन हंटर नावाचा लंडनचा फार मोठा सर्जन होता, त्याला स्वतःला अंजायना होता अन् तो म्हणायचा की मला चिडवणाऱ्या कोणत्याही बदमाशाच्या हातात माझा जीव आहे. १७९३ मध्ये दवाखान्याच्या मिटिंगमध्ये वाद झाला, तो उठून बाहेर गेला अन् तिथेच मेला. आपल्याकडे धुऱ्याचं भांडण, बँकेची नोटीस, पोरीच्या लग्नाचा हिशोब, यानंही छातीत तसंच आवळतं, कारण रागानं अन् भीतीनं ठोके अन् बीपी दोन्ही वाढतात. बसल्या जागी दुखलं म्हणून ते मनाचं आहे असं ठरवू नका.

पाचवं आपलं खास, तंबाखू-सुपारी घोटलेला खर्रा. बिडी-सिगारेट वाईट हे सगळ्यांना माहीत आहे, पण खर्रा खाणारा माणूस छातीठोकपणे सांगतो की मी धूर घेत नाही. तंबाखूतलं निकोटिन तोंडातूनही रक्तात जातं, ठोके वाढवतं, नळ्या आकसवतं. धुराचं नुकसान त्याहून जास्त आहे हे मान्य, पण कामावरून थकून बसलो अन् छाती जड वाटते म्हणून खर्रा घोटायला घेतला तर आधीच अपुऱ्या पुरवठ्यावर आणखी ओझं टाकलं. मोठेबाबा चढावर थांबले की हातात खर्र्याची पन्नी असायचीच.

अन् एक कारण असं आहे की ज्यात नळी फार चोंदलेली नसतानाही त्रास होतो, ते म्हणजे रक्त कमी असणं. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन सात-आठवर आहे तिचं हृदय तेवढाच ऑक्सिजन पोचवायला जास्त वेळा धडधडतं. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या किती बायांचं रक्त कमी आहे हे आशाताईंना विचारा. पूर्व विदर्भात सिकलसेलचे पेशंटही बरेच आहेत, त्यांच्या छातीत दुखण्याची कारणं वेगळी अन् तातडीची असू शकतात, म्हणून त्यांनी तर घरी थांबूच नये. थायरॉइड वाढलेलं असलं, ताप असला, बीपीची गोळी मधातच बंद केली, तरी दबलेला अंजायना वर येतो.

ओळखायचं कसं?

लोक "छातीत दुखते का" असा प्रश्न विचारतात अन् पेशंट "नाही" म्हणतो, अन् तो खोटं बोलत नाही. कारण अंजायना बहुतेकांना दुखल्यासारखा वाटतच नाही. आमच्याकडचे लोक काय शब्द वापरतात सांगतो: छाती भरून येते, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटते, आवळते, जड होते, दाटते, गळ्याशी येऊन अडकते, जीव घाबरा होते. दाखवतानाही एका बोटानं जागा दाखवत नाहीत, पूर्ण पंजा किंवा बंद मूठ छातीच्या मधोमध ठेवतात. छातीच्या डाव्या बाजूलाच होतं हा समज काढून टाका, हे बहुतेक वेळा मधल्या हाडाच्या मागे होतं, अन् तिथून डाव्या किंवा दोन्ही हातात, खांद्यात, गळ्यात, खालच्या जबड्यात, पाठीत, कधी पोटाच्या वरच्या भागात जातं.

हात अन् जबडा का? डीपीवरच्या लाइनसारखं समजा. हृदयाकडून येणाऱ्या अन् हात-छातीकडून येणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात साधारण एकाच जागी जोडलेल्या आहेत. तक्रार वर मेंदूकडे जाते तेव्हा ती नेमकी कोणत्या घरातून आली हे मेंदूला नीट कळत नाही, अन् आयुष्यभर त्याला हाताचीच दुखणी माहीत असतात म्हणून तो हाताकडे बोट दाखवतो. म्हणून दाढ काढूनही न थांबलेलं जबड्याचं दुखणं चालल्यावर वाढत असेल तर त्याचा दाताशी संबंध नसू शकतो.

पण माझ्या मते जागेपेक्षा अन् शब्दापेक्षा जास्त कामाची गोष्ट वेळ आहे. कशानं सुरू होतं अन् कशानं थांबतं. मेहनतीनं, थंडीनं, रागानं सुरू होतं, थांबलं की दोन ते पाच मिनिटांत, फार तर दहा मिनिटांत ओसरतं, अन् पुन्हा तेवढंच काम केलं की पुन्हा येतं. जणू ठरलेली जागा आहे. मोठेबाबांचा अर्धा चढ, कोणाचा देवळाच्या पायऱ्या, कोणाचा दुसऱ्या बकेटीनंतर. माझ्याकडे कोणी "ग्यास" घेऊन आलं की आता मी एवढंच विचारतो, "चालताना येते का? अन् उभं राहिलं की जाते का?" दोन्हीचं उत्तर हो असलं की मी गोळी देत नाही, चिठ्ठीवर दवाखान्याचं नाव लिहून देतो.

याच्या उलट, सुईसारखं टोचून एक-दोन सेकंदात गेलं, एका बोटाएवढ्या जागेत दुखतं, दाबलं की दुखतं, खोकलं किंवा खोल श्वास घेतला की दुखतं, कूस बदलली की फरक पडतो, तर ते बहुतेक वेळा बरगडीचं, स्नायूचं किंवा फुप्फुसाच्या आवरणाचं असतं. बहुतेक वेळा म्हणतोय, नेहमी नाही.

फवारणी करणाऱ्यांसाठी एक वेगळं. औषधाच्या विषबाधेनंही छाती आवळते, घाम येतो, दम लागतो. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले ते कोणी विसरलं नाही. विषबाधेत सोबत लाळ सुटणं, डोळ्यातून पाणी, धूसर दिसणं, उलटी, अंग फडफडणं असं असतं. हृदय की विष हे वावरात ठरवत बसायचं नाही, दोन्हीत दवाखानाच, फक्त फवारलेल्या औषधाचा डबा सोबत न्यायचा अन् डॉक्टरला सांगायचं.

"पण मले तर ढेकर आला की बरं वाटते"

हा सगळ्यात जास्त ऐकलेला मुद्दा आहे अन् यात लोकांची चूक नाही. अन्ननलिका अन् हृदय अगदी शेजारी आहेत, दोघांची तक्रार एकाच लाइननं वर जाते, म्हणून दोन्हीचं दुखणं सारखंच वाटू शकतं. शिवाय घाबरलेला माणूस हवा गिळतो, थांबतो, पाणी पितो, ढेकर देतो, अन् तेवढ्यात तीन-चार मिनिटं झालेली असतात. दुखणं थांबण्यानं गेलं, नाव ढेकराचं झालं. ग्यासच्या गोळीचंही तसंच, गोळी पोटात विरघळायच्या आत आराम पडला असेल तर तो गोळीचा नव्हता.

खरी अ‍ॅसिडिटी जेवण्यावर, तिखट-तेलकटावर, जेवून आडवं पडण्यावर अवलंबून असते, चढावर नाही. तर्री पोहे खाल्ले अन् रात्री झोपल्यावर जळजळलं, ते वेगळं. अन् एकाच माणसाला दोन्ही असू शकतं.

"मी दिवसभर राबतो, मले कसं होईन?"

अंगमेहनत चांगलीच आहे, तिचा फायदा होतो. पण ती तंबाखू, शुगर, बीपी अन् घरातल्या वारशाला पुसून टाकत नाही. सडपातळ माणसाला होत नाही हेही खरं नाही, मोठेबाबांच्या अंगावर किलोभर चरबी सापडली नसती. शिवाय आपल्या देशातल्या लोकांना हा आजार युरोपच्या लोकांपेक्षा काही वर्षं आधीच गाठतो, चाळिशीतले पेशंट आता नवलाचे राहिले नाहीत.

बायांच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते. त्यांनाही छातीत आवळतं, पण सोबत दम लागणं, मळमळ, खूप थकवा, पाठीत किंवा जबड्यात दुखणं जास्त दिसतं, अन् घरचे म्हणतात कामानं थकली. काही बायांच्या मोठ्या नळ्या साफ असतात पण अगदी बारीक नळ्या नीट रुंद होत नाहीत, त्यामुळे अँजिओग्राफी, म्हणजे नळ्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे, चांगली येऊनही त्रास खरा असतो.

शुगरवाल्यांचं आणखी वेगळं. बरीच वर्षं शुगर असली की नसा बधिर होतात, मग हृदयाची तक्रार वर पोचतच नाही. अशा माणसाला दुखण्याऐवजी फक्त दम लागतो, घाम फुटतो, किंवा कालपर्यंत जमणारं काम आज जमत नाही. म्हाताऱ्या माणसांचंही असंच. शुगर असलेला माणूस "आताशा दम लागते" म्हणत असेल तर तो वयाचा दोष समजून सोडू नका.

"ईसीजी काढला, नॉर्मल आहे"

ईसीजी म्हणजे त्या घडीचा फोटो. संध्याकाळी जाऊन झाड बघितलं तर पानं उभीच दिसणार. बसल्या जागी, दुखत नसताना काढलेला ईसीजी अंजायनाच्या बऱ्याच पेशंटमध्ये नॉर्मल येतो. म्हणून डॉक्टर पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात, सोनोग्राफीसारखी हृदयाची इको करतात, गरज पडली तर अँजिओग्राफी. दुखत असताना काढलेला ईसीजीही पहिल्यांदा नॉर्मल असू शकतो, तेव्हा थोड्या वेळानं पुन्हा काढावा लागतो अन् ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी करावी लागते, स्नायूला इजा झाली की ते रक्तात वाढतं, पण त्यालाही काही तास लागू शकतात. डॉक्टरला फक्त "छातीत दुखते" सांगू नका, कुठे, काय करताना, किती मिनिटं, कशानं थांबतं हे सांगा. मशीन जे पकडत नाही ते या चार उत्तरांतून सापडतं.

दुखण्यानं चाल बदलली तर

आता रोडग्याचं. मारुतीच्या देवळात कार्यक्रम होता, मोठेबाबा पोटभर जेवले, वांग्याची भाजी, वरण, रोडगे, अन् आम्ही पायी घराकडे निघालो. रस्ता सपाट होता. तरी शंभर पावलांवर थांबले, या वेळी तिथे बघायला कपाशी नव्हती. रस्त्याच्या कडेला दगडावर बसले, मूठ छातीवर, कपाळावर घाम, जानेवारीचा महिना. मी मोबाईलमध्ये वेळ बघितली, सहा मिनिटांनी चेहरा सुटला. तेव्हा मी विचारलं, "मोठेबाबा, हे रपट्यावर होते तेच काय?" म्हणाले, "तेच. पण आता सपाटीवरही होते, अन् परवा रात्री झोपेतही झालं."

हे वाक्य ऐकून माझ्या पायातलं बळ गेलं. ठरलेल्या मेहनतीला येणारं, ठरलेल्या वेळात जाणारं दुखणं हा स्थिर अंजायना. पण ते कमी कामात यायला लागलं, जास्त वेळा, जास्त वेळ यायला लागलं, आराम करताना किंवा झोपेत यायला लागलं, किंवा आयुष्यात पहिल्यांदाच जोरात आलं, तर तो स्थिर राहिला नाही. अशा वेळी बहुतेकदा नळीतल्या थराला भेग पडलेली असते अन् तिथे रक्ताची गाठ धरायला लागलेली असते, त्या गाठीनं नळी पूर्ण बुजली की अटॅक. अन् ही भेग फार चोंदलेल्या जागीच पडते असं नाही, कमी थर असलेल्या जागीही पडते, म्हणूनच त्या व्हिडिओतल्यासारखे काही लोक आधी काहीही त्रास नसताना पडतात. चाल बदललेलं दुखणं त्याच दिवशी दाखवायचं, बाजाराच्या दिवसाची वाट बघायची नाही.

दुखणं सुरू झालं की जिथे आहात तिथे बसा, चालत घर गाठायचा प्रयत्न करू नका. डॉक्टरनं आधी सॉर्बिट्रेटची गोळी लिहून दिली असेल तर एक जिभेखाली ठेवा, बसूनच, कारण ती नळ्या सैल करते, बीपी उतरवते, उभं असलं तर चक्कर येऊन पडाल. डोकं दुखतं, ते चालतं. पाच मिनिटांत उतरलं नाही किंवा वाढत गेलं तर १०८ ला फोन करा, अन् विश्रांती घेऊनही १५-२० मिनिटं राहिलेलं दुखणं हार्ट अटॅकच समजा. फोनवर अ‍ॅस्पिरिन चावून खायला सांगितलं तर खा, पण अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा पोटातल्या अल्सरमधून रक्त जात असेल तर ते आधी सांगा. मोटरसायकलवर मधात बसवून नेऊ नका, गाडी यायला फार वेळ लागत असेल तर चारचाकी बघा अन् फोनवर विचारून गाठ विरघळवणारं इंजेक्शन देता येईल असा जवळचा दवाखाना गाठा. ते इंजेक्शन १२ तासांच्या आत द्यावं लागतं अन् पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त कामाला येतं. जोरजोरात खोकून अटॅक थांबवायचा जो मेसेज फिरतो त्यात वेळ घालवू नका, तसा उपाय घरी करायचा नसतो.

एक गोष्ट काउंटरवर कोणी मोठ्यानं विचारत नाही म्हणून इथे लिहितो. सिल्डेनाफिल, टाडालाफिलसारखी पुरुषांची जोराची गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट चालत नाही, पहिलीसाठी २४ तास अन् दुसरीसाठी ४८ तास. दोन्ही मिळून बीपी इतकं पडतं की जीव जाऊ शकतो. लाज बाजूला ठेवा अन् डॉक्टरला स्पष्ट सांगा. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट उसनी घेऊन खिशात ठेवणंही बंद करा.

"दवाखान्यात गेलो की स्टेंटच टाकतात"

ही भीती लोकांना दवाखान्यापासून लांब ठेवते, म्हणून सरळ सांगतो. अटॅकमध्ये किंवा चाल बदललेल्या दुखण्यात नळी उघडल्यानं जीव वाचतो, तिथे घासाघीस नको. पण स्थिर अंजायनात प्रत्येकाला स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी, लागत नाही. २००७ चा करेज अन् २०२० मध्ये छापून आलेला पाच हजारांवर पेशंटचा इस्केमिया, या दोन मोठ्या अभ्यासांत असं दिसलं की स्थिर आजारात चांगली औषधं देऊन थांबलं काय अन् आधीच स्टेंट किंवा बायपास केलं काय, मृत्यूच्या आकड्यात फरक पडला नाही. नळी उघडली तर दुखणं मात्र जास्त कमी होतं. डाव्या नळीच्या अगदी मुळाशी ब्लॉक असला किंवा हृदय कमजोर असलं तर गोष्ट वेगळी. म्हणून "हा ब्लॉक कुठे आहे, माझा आजार स्थिर आहे काय, गोळ्यांवर भागेल काय" हे डॉक्टरला विचारायचा तुम्हाला हक्क आहे. अन् गोळ्या म्हणजे ठोके कमी ठेवणारी, चरबी उतरवणारी, रक्त पातळ ठेवणारी. "बरं वाटते" म्हणून त्या बंद करून माझ्याकडे परत न येणारे लोक मला रोज आठवतात.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी (म्हणजे नळी उघडून स्टेंट टाकणं) अन् बायपास दोन्ही बसतात, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड अन् आधार सोबत ठेवा. स्टेंटच्या किमतीवरही २०१७ पासून सरकारनं मर्यादा घातलेली आहे.

मोठेबाबांना त्याच रात्री नेलं. डाव्या बाजूच्या मोठ्या फांदीत ब्लॉक होता, झोपेत दुखत होतं म्हणून डॉक्टरांनी थांबायचं नाही ठरवलं, स्टेंट टाकला. पन्नी सुटायला आणखी चार महिने लागले, मोठ्याबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, घरात खर्रा येऊच दिला नाही. या वर्षी वेचणीला मी पुन्हा त्यांच्यासोबत पांदणीनं गेलो. रपटा ओलांडला, चढ लागला, मी मुद्दाम हळू चाललो. ते पुढे निघून गेले अन् वर जाऊन माझ्यासाठी थांबले.